एचआयव्ही आणि रक्तातील दाहनिर्देशक: एका वाचनाचा इतिहास

शरीरात कुठेही दाह सुरू झाला की त्याची खबर रक्तात उतरते. प्रतिकारसंस्थेच्या पेशी इंटरल्यूकिन-६ सारखे संदेशवाहक रेणू सोडतात, ते यकृतापर्यंत पोचतात आणि यकृत सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रथिन, फायब्रिनोजेन अशी प्रथिने नेहमीपेक्षा कितीतरी अधिक बनवू लागते. या पदार्थांची रक्तातील पातळी मोजून दाहाचा अंदाज घेतात, म्हणून त्यांना दाहनिर्देशक म्हणतात. एचआयव्हीसह जगणाऱ्या माणसांत हे निर्देशक पुष्कळदा वाढलेले आढळतात. त्या वाढीचा अर्थ काय लावायचा, हा प्रश्न वैद्यकाला गेली चाळीस वर्षे पडलेला आहे. या काळात मोजणीची तंत्रे सुधारली, पण त्याहून मोठा बदल झाला तो आकड्याला विचारल्या जाणाऱ्या प्रश्नात. आधी हा आकडा आयुष्य किती उरले ते सांगण्यासाठी वाचला गेला, मग हृदयविकाराची शंका घेण्यासाठी आणि पुढे क्षयरोग हुडकण्यासाठी.

निर्देशक मात्र एचआयव्हीपेक्षा पुष्कळ जुने आहेत. उभ्या नळीत ठेवलेल्या रक्तातील तांबड्या पेशी आजारी माणसात लवकर खाली बसतात, हे पोलंडमधील डॉक्टर एडमंड बिएर्नात्स्की यांनी १८९७ मध्ये मांडले. स्वीडनमध्ये रॉबिन फोरेउस यांनी १९१८ मध्ये आणि आल्फ वेस्टरग्रेन यांनी १९२१ मध्ये तीच गोष्ट पुन्हा हाती घेतली. वेस्टरग्रेन यांचे रुग्ण क्षयाचे होते, आणि त्यांनी बसवून दिलेली पद्धत, म्हणजे उभी नळी, तासभर थांबणे आणि वरच्या मोकळ्या पट्टीची मिलिमीटरमधील लांबी, आजही ईएसआर या नावाने चालते. जंतुनाशक औषधे नसलेल्या त्या काळात क्षयाचा रुग्ण सुधारतो आहे की खालावतो आहे हे पाहण्याचे स्वस्त साधन म्हणून ईएसआर सगळीकडे पसरला. महाराष्ट्रातील डॉक्टरांच्या कित्येक पिढ्यांनाही ‘ईएसआर वाढला, म्हणजे क्षयाचा विचार करा’ ही सवय जडलेली होती. ती सवय पुढे एचआयव्हीच्या रुग्णांपुढे अडखळली.

दुसरा निर्देशक न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेतला. ऑस्वाल्ड एव्हरी यांच्या प्रयोगशाळेत १९३० मध्ये विल्यम टिलेट आणि थॉमस फ्रान्सिस न्यूमोनियाच्या रुग्णांचे रक्तद्रव तपासत होते. न्यूमोनियाच्या जंतूच्या आवरणाखालून काढलेल्या एका शर्करेत, जिला ते ‘सी’ अंश म्हणत, रुग्णाचे रक्तद्रव मिसळले की साका बसे. आजार बरा झाला की तो बसेनासा होई. पुढे कळले की हा साका बसवणारा पदार्थ प्रतिपिंड नसून यकृतात तयार होणारे एक प्रथिन आहे. तेच सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रथिन, म्हणजे सीआरपी. दाह सुरू झाल्यापासून काही तासांतच ते वाढू लागते, दोनेक दिवसांत शिखर गाठते आणि कारण दूर झाले की झपाट्याने उतरते, कारण रक्तातले निम्मे सीआरपी साधारण १९ तासांत नाहीसे होते. ईएसआर याउलट आठवडेच्या आठवडे चढलेला राहतो.

५ जून १९८१ रोजी अमेरिकेच्या साथनियंत्रण केंद्राने लॉस एंजेलिसमधील पाच तरुण पुरुषांना झालेल्या दुर्मीळ न्यूमोनियाची नोंद प्रसिद्ध केली, आणि एड्सचा ज्ञात इतिहास सुरू झाला. १९८३ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत फ्रान्स्वाज बारे-सिनुसी आणि ल्यूक माँतान्ये यांच्या गटाने विषाणू वेगळा केला. १९८५ मध्ये प्रतिपिंडांची चाचणी बाजारात आली. पुढच्याच वर्षी, १९८६ मध्ये, मद्रासमध्ये सुनीती सॉलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांनी देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांचे गोळा केलेले रक्तनमुने वेल्लोरला तपासले गेले, आणि भारतातही विषाणू पोचल्याचे सिद्ध झाले.

या पहिल्या वर्षांत डॉक्टरांच्या हाती जुनीच साधने होती, आणि ती दिशाभूल करत होती. एचआयव्हीच्या संसर्गात बी-पेशी अतिउत्तेजित होतात आणि नाना प्रकारची प्रतिपिंडे ओतत राहतात, त्यामुळे रक्तातील ग्लोब्युलिन वाढते. बऱ्याच रुग्णांना रक्तक्षयही असतो. ग्लोब्युलिन वाढले तरी तांबड्या पेशी लवकर खाली बसतात आणि रक्तक्षय असला तरीही बसतात. म्हणजे अंगात दुसरा कोणताही संसर्ग नसलेल्या, चालत्याफिरत्या माणसाचा ईएसआर देखील चढलेला मिळे. क्षयाच्या रुग्णालयात अर्धशतक उपयोगी पडलेल्या आकड्याचा अर्थ इथे धूसर झाला. केवळ ईएसआरच्या जोरावर क्षयाची औषधे सुरू करणे किंवा ईएसआर बरा आहे म्हणून क्षय नाकारणे, दोन्ही सारखेच धोक्याचे ठरले.

मग नवे निर्देशक शोधले गेले. त्या वेळचा प्रश्न कठोर होता. विषाणूला टिकाऊपणे रोखणारे औषध नाही, एखाद्याचा संसर्ग दोन वर्षांत एड्सकडे जातो आणि दुसऱ्याचा दहा वर्षांतही जात नाही, तर कोणाचे काय होणार हे आधी कसे ओळखायचे? ऑस्ट्रियातील इन्सब्रुक येथे डिटमार फुक्स, हेल्मुट वाख्टर आणि त्यांचे सहकारी निओप्टेरिन नावाच्या पदार्थावर काम करत होते. गॅमा इंटरफेरॉनने चेतवलेल्या भक्षक पेशी तो सोडतात आणि तो मूत्रातही मोजता येतो. सॅन फ्रान्सिस्को आणि लॉस एंजेलिसमधील गटांनी बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन मोजले. पेशींच्या पृष्ठभागावरचे हे छोटे प्रथिन प्रतिकारपेशी वेगाने जन्मू-मरू लागल्या की रक्तात साठते. १९८८ ते १९९० या काळात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांनी दाखवले की सीडी-४ पेशींची, म्हणजे विषाणू ज्यांना नष्ट करतो त्या प्रतिकारपेशींची, संख्या आणि या दोनपैकी एक निर्देशक एकत्र वाचले, तर पुढच्या काही वर्षांत एड्स होण्याची शक्यता निव्वळ सीडी-४ पेक्षा अधिक नीट सांगता येते.

हा आकडा ऐकणाऱ्या रुग्णासाठी त्याचा एकच अर्थ होता: किती वेळ उरला आहे. मूत्रपिंड मंद चालत असेल तरी बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन वाढते, ही बाब पुस्तकात लिहिलेली होती. तरीही वाढलेला आकडा विषाणूच्याच खात्यावर मांडला जाण्याचा मोह मोठा होता, आणि तो मोह या विषयाला आजही सोडत नाही.

याच काळात एक मूलभूत कल्पना पुढे आली. १९८८ मध्ये कॅलिफोर्नियातील मायकेल अ‍ॅशर आणि हेन्स शेपर्ड यांनी सुचवले की एड्सकडे विषाणूने पेशी मारण्याचा आजार म्हणून पाहण्यापेक्षा प्रतिकारसंस्था सतत उत्तेजित राहण्याचा आजार म्हणून पाहावे. त्या वेळी फार थोड्यांनी ते मनावर घेतले. लॉस एंजेलिसमधील प्रतिकारशास्त्रज्ञ जॅनिस जॉर्जी यांनी मात्र वर्षानुवर्षे सीडी-८ पेशींवरील सीडी-३८ हा उत्तेजनाचा खुणेचा रेणू मोजला. १९९९ मध्ये त्यांच्या गटाने दाखवले की रुग्ण किती काळ जगेल याचा संबंध रक्तातील विषाणूच्या संख्येपेक्षाही टी-पेशींच्या उत्तेजनाशी अधिक घट्ट आहे. पुढच्याच वर्षी जॉर्जी यांचे निधन झाले. त्यांच्या निष्कर्षाची खरी किंमत त्यानंतरच्या दशकात कळली, आणि या इतिहासात त्यांना मिळायला हवी तेवढी जागा अजून मिळालेली नाही.

कारण तोवर सगळ्यांचे लक्ष दुसरीकडे वळले होते. १९९६ मध्ये अमेरिकी संशोधक जॉन मेलर्स यांनी व्हायरल लोड, म्हणजे रक्तातील विषाणूच्या प्रतींची संख्या, रोगाची पुढची वाटचाल सांगते हे सिद्ध केले. त्याच वर्षी जुलैमध्ये व्हँकुव्हरच्या परिषदेत तीन औषधांच्या एकत्रित उपचाराचे निकाल जाहीर झाले. मरणाला टेकलेली माणसे उठून कामाला जाऊ लागली. व्हायरल लोड आणि सीडी-४ हे दोन आकडे पुरेसे झाले. निओप्टेरिन आणि बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन काही वर्षांतच रोजच्या तपासण्यांतून गळाले. भारतात १ एप्रिल २००४ रोजी सरकारी मोफत एआरटी, म्हणजे विषाणूरोधक औषधांचा उपचार, सुरू झाली तेव्हा रुग्णाच्या पुस्तिकेत सीडी-४ साठी रकाना होता, पण दाहनिर्देशकांना जागा नव्हती.

दाहनिर्देशक परत आले ते एका फसलेल्या बेतामुळे. औषधांचे दुष्परिणाम त्रासदायक होते, म्हणून सीडी-४ चांगले असताना औषध थांबवावे आणि घसरले की पुन्हा सुरू करावे, असा विचार पुढे आला. तो तपासण्यासाठी २००२ च्या जानेवारीत ‘स्मार्ट’ हा अभ्यास सुरू झाला. ३३ देशांतील ५,४७२ व्यक्ती त्यात होत्या. सर्वांचे सीडी-४ साडेतीनशेच्या वर होते. अर्ध्यांनी औषध अखंड घेतले. उरलेल्यांनी सीडी-४ अडीचशेच्या खाली जाईपर्यंत ते बंद ठेवले. औषध वाचवले तर हृदय, यकृत आणि मूत्रपिंड वाचतील अशी अपेक्षा होती. जानेवारी २००६ मध्ये अभ्यास मुदतीआधीच थांबवावा लागला. औषध थांबवलेल्या गटात ५५ मृत्यू झाले होते, अखंड घेणाऱ्या गटात ३०. त्याहून धक्कादायक गोष्ट अशी की यातले बहुतेक मृत्यू एड्सच्या ठरावीक संसर्गांनी झालेले नव्हते. हृदयविकार, यकृताचे आजार आणि कर्करोग अशी कारणे पुढे आली, आणि तीही अशा लोकांत ज्यांचे सीडी-४ त्या काळच्या मापाने ठीक होते.

या ८५ मृत्यूंचे कोडे साथरोगतज्ज्ञ लुईस कुलर यांच्या नेतृत्वाखाली गोठवून ठेवलेल्या रक्तनमुन्यांतून सोडवण्याचा प्रयत्न झाला. प्रत्येक मृत व्यक्तीमागे जिवंत राहिलेल्या दोन तुलनीय व्यक्ती निवडल्या आणि व्हरमाँट विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत तिघांचेही निर्देशक मोजले गेले. २००८ मध्ये निकाल आला. अभ्यासाच्या सुरुवातीलाच इंटरल्यूकिन-६ सर्वांत वरच्या चतुर्थांशात असणाऱ्यांना मृत्यूची जोखीम सर्वांत खालच्या चतुर्थांशाच्या सुमारे ८ पट होती. डी-डायमरच्या बाबतीत, म्हणजे रक्ताची गुठळी विरघळताना उरणाऱ्या तुकड्यांच्या बाबतीत, ती सुमारे १२ पट होती. सीआरपीसाठी हा आकडा अवघा २ पट भरला. शिवाय औषध थांबवल्यावर एका महिन्यात इंटरल्यूकिन-६ सुमारे ३० टक्क्यांनी आणि डी-डायमर सुमारे १६ टक्क्यांनी चढले. विषाणू परत आला की दाह आणि गोठण दोन्ही जागे होतात, हे इतक्या स्पष्टपणे पूर्वी दिसले नव्हते.

या अभ्यासाने विषयाची दिशा बदलली, पण त्याच्या वाचनात एक घोळही झाला. ८ पट किंवा १२ पट हे आकडे दोन गटांतील तुलनेचे आहेत. एकाच माणसाच्या कागदावर इंटरल्यूकिन-६ वाढलेले दिसले, तर त्याचा मृत्यू जवळ आहे असा त्याचा अर्थ होत नाही. इंटरल्यूकिन-६ सकाळ-संध्याकाळ बदलते, व्यायामाने बदलते, साध्या सर्दीने बदलते, आणि प्रयोगशाळेगणिक त्याचे मापही बदलते. गटासाठी खरे असलेले वाक्य व्यक्तीवर लादले की त्यातून भीती तेवढी उरते. हा फरक संशोधनपत्रिकांत नीट मांडलेला असतो. तपासणीचा कागद थेट हातात पडलेल्या माणसाला तो कोणी समजावून सांगत नाही, आणि ही उणीव गंभीर आहे.

उपचाराने विषाणू दाबला गेल्यावरही दाह पूर्ण का विझत नाही, याची कारणे याच सुमारास उलगडली. २००३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतील पीटर हंट, स्टीव्हन डीक्स आणि सहकाऱ्यांनी दाखवले की व्हायरल लोड मोजता न येण्याइतका खाली असूनही टी-पेशींचे उत्तेजन टिकते, आणि ज्यांच्यात ते जास्त त्यांचे सीडी-४ कमी सावरतात. २००४ मध्ये आतड्याच्या अस्तरातील सीडी-४ पेशी संसर्गाच्या अगदी सुरुवातीलाच मोठ्या संख्येने नष्ट होतात हे पुढे आले. २००६ मध्ये जेसन ब्रेंचली आणि डॅनियल डूएक यांच्या गटाने पुढचा दुवा जोडला: आतड्याची भिंत सैल झाली की तिथल्या जंतूंचे अंश रक्तात झिरपतात आणि प्रतिकारसंस्थेला सतत डिवचत राहतात. सूटी मँगाबे या आफ्रिकी माकडांनी याला उलट बाजूने दुजोरा दिला. त्यांच्या रक्तात एचआयव्हीच्या भाऊबंद विषाणूच्या भरपूर प्रती असतात, पण प्रतिकारसंस्था शांत राहते आणि त्यांना एड्स सहसा होत नाही. अ‍ॅशर आणि शेपर्ड यांची १९८८ ची कल्पना या माकडांच्या रूपाने पुन्हा चर्चेत आली.

सीआरपीला मात्र हृदयरोगतज्ज्ञांनी वेगळ्या वाटेने मोठे केले. २००३ मध्ये अमेरिकेतील तज्ज्ञांनी अतिसंवेदनशील सीआरपीसाठी सीमा ठरवल्या: लिटरला १ मिलिग्रॅमपेक्षा कमी म्हणजे हृदयविकाराची जोखीम कमी, १ ते ३ मध्यम, ३ च्या वर जास्त. १० च्या वर असेल तर आधी संसर्ग शोधावा आणि चाचणी पुन्हा करावी, अशी सूचनाही त्यांनी जोडली. या सीमा एचआयव्ही नसलेल्या, एरवी धडधाकट लोकांवरून काढलेल्या होत्या. एचआयव्ही केंद्रांत त्या जशाच्या तशा लावल्या गेल्या, तेव्हा हिरड्यांचा आजार, धूम्रपान, पोटावरची चरबी, हिपॅटायटिस, सायटोमेगालोव्हायरस असे सगळेच एका आकड्यात मिसळून गेले. भारतीय वाचकाने आणखी एक खबरदारी घ्यायला हवी. काही प्रयोगशाळा सीआरपी लिटरला मिलिग्रॅममध्ये देतात, काही डेसिलिटरला मिलिग्रॅममध्ये. पहिला आकडा दुसऱ्याच्या दहापट असतो. एकक न वाचता दोन अहवालांची तुलना केली, की जागच्या जागी असलेला दाह दहापट वाढल्याचे किंवा ओसरल्याचे भासते.

निर्देशक खाली आणला की आजारही टळतो का, याची उत्तरे संमिश्र मिळाली. इंटरल्यूकिन-२ चे इंजेक्शन देऊन सीडी-४ वाढवण्याचे दोन मोठे अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांपैकी एस्प्रिट या ४,१११ व्यक्तींच्या अभ्यासात सीडी-४ सरासरी १६० ने वाढले, पण आजार किंवा मृत्यू घटले नाहीत. औषधाने सीआरपी आणि डी-डायमर चढवल्याचेही नंतर आढळले. सर्वांत ठोस उत्तर साधे निघाले. ३५ देशांतील ४,६८५ व्यक्तींच्या ‘स्टार्ट’ अभ्यासाने २०१५ मध्ये दाखवले की सीडी-४ पाचशेच्या वर असतानाच एआरटी सुरू केली तर गंभीर आजार आणि मृत्यू मिळून ५७ टक्क्यांनी कमी होतात. भारताने २०१७ मध्ये सीडी-४ न पाहता निदान होताच उपचार देण्याचे धोरण स्वीकारले. २०२३ मध्ये ७,७६९ व्यक्तींवरील ‘रिप्रीव्ह’ अभ्यासाने पिटाव्हास्टॅटिनची रोज एक गोळी हृदयविकार आणि पक्षाघातासारख्या घटना ३५ टक्क्यांनी घटवते हे सिद्ध केले. या अभ्यासात सहभागी निवडताना वय आणि हृदयविकाराची नेहमीची जोखीम पाहिली होती. सीआरपीची अट नव्हती.

क्षयाकडे परतण्याचा मार्ग आफ्रिकेतून आला. एचआयव्हीसह जगणाऱ्यांच्या मृत्यूचे जगातील सर्वांत मोठे कारण अजूनही क्षय आहे, आणि भारतात तर दोन्ही रोगांचा भार मोठा आहे. पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेसह ९ देशांतील १,५७१ व्यक्तींच्या ‘पर्ल्स’ अभ्यासातील नमुन्यांवरून पुढे दिसले की एआरटीआधी सीआरपी चढलेले असणाऱ्यांना नंतर क्षय होण्याची शक्यता अधिक असते. खोकला, ताप, रात्रीचा घाम आणि वजन घटणे या चार लक्षणांवरून क्षयाचा संशय घेण्याची पद्धत २०११ पासून रूढ होती. ती फारच ढोबळ होती. युगांडातील कंपाला येथे उपचार न घेतलेल्या व्यक्तींवर केलेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, क्षय नसलेल्यांपैकी अवघ्या १४ टक्के लोकांना या लक्षणांच्या चाळणीने बाजूला काढता आले. बोटाच्या टोकावरून रक्त घेऊन मिनिटांत करता येणाऱ्या सीआरपी चाचणीने हेच काम ७२ टक्क्यांपर्यंत नेले आणि क्षयाचे रुग्ण थोडेच निसटले. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सीआरपी लिटरला ५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त असणे ही क्षयाच्या चाळणीची एक मान्य कसोटी ठरवली. जो निर्देशक हृदयविकारासाठी फार ढोबळ ठरला होता, तो इथे चोख उपयोगी पडला, कारण इथे त्याला माफक प्रश्न विचारला गेला: या माणसाची थुंकी तपासायची की नाही?

आजचे वाचन या सगळ्या थरांतून बनले आहे. उपचार नुकताच सुरू झालेल्या व्यक्तीत सीआरपी एकाएकी चढले, ताप आला, गाठी सुजल्या, तर सावरती प्रतिकारशक्ती दडलेल्या क्षयावर किंवा बुरशीवर तुटून पडली असण्याची शक्यता आधी तपासतात. लिटरला १०० मिलिग्रॅमच्या वरचा आकडा बहुधा जिवाणूंचा संसर्ग दाखवतो आणि थांबून चालत नाही. व्हायरल लोड दाबलेल्या, बऱ्या माणसात ३ ते १० मधला आकडा दोन आठवड्यांनी पुन्हा पाहतात. तो टिकून राहिला तर तोंड, छाती, यकृत, सिफिलिस, धूम्रपान, वजन, रक्तदाब आणि चरबी यांची चौकशी होते. गोळ्या नियमित घेतल्या जातात का, हा प्रश्न तर सर्वांत आधी विचारला जातो, कारण दबलेला विषाणू हाच दाह कमी ठेवण्याचा सर्वांत खात्रीचा उपाय आहे. ईएसआरचा निकाल हिमोग्लोबिन आणि ग्लोब्युलिनच्या आकड्यांशेजारी ठेवूनच वाचतात. एचआयव्हीच्या दीर्घकालीन दाहाची पातळी पाहण्यासाठी इंटरल्यूकिन-६ आणि डी-डायमर ठरावीक काळाने मोजण्याची शिफारस रोजच्या उपचारात केली जात नाही. गुठळीचा संशय असेल तेव्हा डी-डायमर करतात, पण ती तपासणी वेगळ्या कारणासाठी असते. स्मार्टच्या नमुन्यांपासून सुरू झालेले या दोन निर्देशकांचे काम संशोधनशाळांत चालू आहे.